दोन साक्षीदार, 160 एकर

तुमच्या हातात एक चिठ्ठी आहे. तिच्यावर कारकुनी अक्षरात लिहिलंय: नैर्ऋत्य क्वार्टर, सेक्शन 14, टाउनशिप 16 उत्तर, रेंज 21 पश्चिम. काउंटी कस्टर, राज्य नेब्रास्का. साल 1883, एप्रिल महिना. गाडीवानाने तुमची ट्रंक, एक लोखंडी चूल, मक्याच्या बियाण्याचं पोतं आणि गोधडीत गुंडाळलेली खिडकीची काच एवढं सामान उतरवलं आणि तो परत फिरला. त्याच्या चाकांचा खडखडाट बराच वेळ ऐकू येत राहतो, कारण मध्ये आवाज अडवायला काहीच नाही. झाड नाही, भिंत नाही, कुंपण नाही. गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत आहे, त्याच्या बुडाशी नवं हिरवं फुटायला लागलंय आणि वारा आहे.

तुमची जमीन इथेच कुठेतरी आहे. ती आधी शोधावी लागेल.

काही वर्षांपूर्वी सरकारी मोजणीदार इथून साखळी ओढत गेले होते. जिथे दगड मिळाला नाही तिथे त्यांनी हद्दीच्या कोपऱ्यावर खुंटी ठोकली, भोवती चार खड्डे खणले आणि निघालेली माती खुंटीच्या बुडाशी रचली. पण या गवताला वरचेवर वणवे लागतात. खुंट्या जळून गेल्या आणि खड्ड्यांत गवत माजलं. तुम्ही वाकून, पायाने चाचपत फिरता आहात. तेवढ्यात उत्तरेकडून एक म्हातारा खेचराची गाडी घेऊन येतो. तो यादवी युद्धात उत्तरेकडून लढला होता, आता तुमचा शेजारी आहे. फारसं न बोलता तो गाडीच्या चाकाला एक चिंधी बांधतो. चाकाचा घेर त्याने आधीच मोजून ठेवला आहे. त्याला माहीत असलेल्या एका कोपऱ्यापासून तो गाडी सरळ हाकतो, तुम्ही बाजूने चालत चिंधीचे फेरे मोजता. अर्धा मैल भरला की तो थांबतो, खाली उतरतो आणि गवत बाजूला सारतो. तिथे चार बुजत आलेले खड्डे आहेत.

हा तुमचा कोपरा. इथून अर्धा मैल पूर्वेला आणि अर्धा मैल उत्तरेला, म्हणजे 160 एकर.

अमेरिकेने 1785 च्या वटहुकमाने आपली सगळी पश्चिम अशी चौकटींत आखायला घेतली. सहा मैलांची बाजू असलेली एक टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, दर सेक्शनचे 640 एकर, त्याचा पाव भाग एका कुटुंबाला. सेक्शन 16 आणि 36 शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवलेले. मोजायची साखळी 66 फुटांची. हा हिशेब आपल्याला परका नाही. आपला गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, त्याच इंग्रजी साखळीच्या अर्ध्याचा चौरस. चाळीस गुंठ्यांचा एकर आपल्या सातबाऱ्यावर आला तो त्याच मापपद्धतीतून. तेव्हा मनातल्या मनात हिशेब करून पाहा: तुमच्यासमोर 6400 गुंठे पडलेत आणि त्यांतल्या एकावरही अजून नांगर फिरलेला नाही.

तुमचं वय 24. तुम्ही अविवाहित स्त्री आहात, आयोवातून आलात. दोन दिवसांपूर्वी ग्रँड आयलंडच्या जमीन कचेरीत तुम्ही 14 डॉलर भरले आणि हात वर करून शपथ घेतली. वयाची 21 वर्षं पुरी असावीत किंवा कुटुंबप्रमुख असावं. नागरिक असावं, नाहीतर नागरिक व्हायचा इरादा जाहीर केलेला असावा. जमीन स्वतःच्या वापरासाठी, स्वतः कसण्यासाठी हवी असावी. नवऱ्याच्या घरात नांदणाऱ्या बाईला हा अर्ज करता येत नाही. तुम्हाला येतो, दक्षिणेकडच्या क्वार्टरवर राहणाऱ्या विधवेलाही येतो. 1862 सालच्या एका कायद्याने एकटीच्या नावावर जमीन द्यायची तयारी दाखवली, ही गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात फार मोठी वाटते.

होमस्टेड कायद्यावर लिंकनने 20 मे 1862 रोजी सही केली. त्याआधी दोन वर्षं असाच कायदा अध्यक्ष ब्युकॅननने नाकारला होता. दक्षिणेच्या राज्यांना तो नको होता, कारण छोट्या छोट्या शेतकऱ्यांनी पश्चिम भरली तर तिथे गुलामगिरी रुजणार नव्हती. युद्ध पेटलं, दक्षिणेचे सभासद उठून गेले आणि वाट मोकळी झाली. कायदा 1 जानेवारी 1863 ला अमलात आला. त्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात नेब्रास्कातल्या ब्राउनव्हिल गावात डॅनियल फ्रीमन नावाच्या माणसाने कचेरी उघडायला लावून अर्ज दाखल केला, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. बिॲट्रिस गावाजवळची त्याची जमीन आज राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे. युद्धानंतर हा हक्क गुलामगिरीतून सुटलेल्यांनाही मिळाला. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. त्यानंतर चारच वर्षांनी केंटकीतून निघालेली काळी कुटुंबं कॅन्ससच्या उघड्या माळावर निकोडेमस नावाचं गाव वसवत होती, याच कायद्याच्या आधाराने. पुण्यात बसून जोतीराव ज्या मुक्तीकडे डोळे लावून होते, तिला पायाखाली जमीन लागते हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं.

पण तुम्ही भरलेल्या 14 डॉलरांनी जमीन तुमची झालेली नाही. तुम्हाला फक्त दावा सांगायचा हक्क मिळाला. सहा महिन्यांच्या आत इथे राहायला यायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, पाच वर्षं राहायचं आणि मग हे सगळं सिद्ध करायचं. उरलेले चार डॉलर तेव्हा भरायचे. सात वर्षांत सिद्ध झालं नाही तर जमीन सरकारजमा.

आता घर. लाकूड विकत घ्यायला पैसे नाहीत आणि जवळ झाडं नाहीत, म्हणून जमिनीचंच घर बांधायचं. म्हातारा आपला नांगर आणतो. त्याला नेहमीसारखा माती उलथणारा फाळ नाही, लोखंडी गजांचा पाळणा आहे. तो जमिनीतून 12 इंच रुंद आणि चार इंच जाड असा लांबच लांब पट्टा अलगद सोलून काढतो. शेकडो वर्षांच्या गवताच्या मुळांनी ती माती घट्ट विणलेली आहे. नांगर चालतो तेव्हा मुळं तुटण्याचा तडतड आवाज सतत येत राहतो. कुदळीने त्या पट्ट्याचे दोन-दोन, तीन-तीन फुटांचे तुकडे करायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचत जायचे. भिंत दोन फुटांहून जाड होते. एका घराला अर्ध्या एकराहून जास्त जमीन सोलावी लागते. आढ्याला दरीतून आणलेला देवदाराचा वासा, त्यावर फांद्या, त्यावर गवत, त्यावर पुन्हा तीच माती.

1872 साली नेब्रास्कात अशाच एका घरावर झालेल्या रोख खर्चाचा हिशेब शिल्लक आहे. खिडकी 1 डॉलर 25 सेंट, दाराच्या फळ्या 54 सेंट, कडी-बिजागऱ्या 50, छपरातून धूर काढायची नळी 30, तीन पौंड खिळे साडेएकोणीस सेंट. एकूण 2 डॉलर साडेअठ्ठ्याहत्तर सेंट. बाकी सगळं अंगमेहनतीचं.

पहिला पाऊस पडतो तेव्हा या घराचा खरा स्वभाव कळतो. बाहेर पाऊस थांबला तरी आत चिखलाचं पाणी दोन दिवस ठिबकत राहतं. भाकरीच्या पिठात माती पडते. विधवा बाई येऊन छताखाली मांजरपाट ताणून बांधायला शिकवते, म्हणजे माती त्यात अडकेल. एखादे दिवशी त्या कापडाला मध्येच झोळ येतो आणि तो झोळ सरकतो, तेव्हा काठीने बाजूला करून साप बाहेर काढायचा, हेही तिच्याकडूनच कळतं. पण जुलैच्या उन्हात आत गारवा असतो आणि जानेवारीत दोन फुटांची भिंत वारा आत येऊ देत नाही. ज्यांनी फळ्यांची घरं बांधली ते हिवाळ्यात तुमच्याकडे हेव्याने बघतात.

जळणाला तुम्ही रानशेण्या वेचता. आधी म्हशींसारख्या त्या रानटी बायसनच्या जुन्या, आता गुराख्यांच्या कळपांच्या. पहिल्या दिवशी तुम्ही दोन काटक्यांनी धरून उचलता, मग फडक्याने, आणि महिनाभरात शेणी चुलीत टाकून त्याच हाताने पीठ मळायला लागता. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही, पण आयोवातून आलेल्या मुलीला ही शरम गिळायला वेळ लागतो. पाणी दोन मैलांवरच्या ओढ्यातून पिंपात भरून आणायचं. पठारावर विहीर खणायची तर शेकडो फूट खाली जावं लागतं. रहाटाच्या दोराला लोंबकळून एक माणूस आत उतरतो आणि वर मातीची बादली ओढणाऱ्याच्या हातावर त्याचा जीव असतो.

मका पेरायला पहिल्या वर्षी तिफणही लागत नाही. सोललेल्या मातीत कुऱ्हाडीने खाच पाडायची, दोन दाणे टाकायचे, टाचेने दाबायचं. असे तुम्ही पाच एकर करता. दुसऱ्या वर्षी बारा. रोज संध्याकाळी वहीत लिहून ठेवता: किती फोडली, किती पेरली, काय निघालं. पाच वर्षांनी कुणीतरी विचारणार आहे, हे तुम्ही विसरू शकत नाही.

नांगरताना एके दिवशी ढेकळातून गारगोटीचं एक टोक निघतं, बाणाचं. तुम्ही ते म्हाताऱ्याला दाखवता. तो सांगतो, पॉनी लोकांचं असावं. ज्या लूप नदीच्या खोऱ्यात तुम्ही आहात तिचं नावही फ्रेंच व्यापाऱ्यांनी पॉनींच्या स्किडी शाखेवरून ठेवलं, लांडगा या अर्थाचं. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत पॉनी बायका मका, घेवडा आणि भोपळा लावत. मोठमोठी गोल मातीची घरं बांधून राहत आणि वर्षातून दोनदा शिकारीला याच माळावर येत. 1833, 1848 आणि 1857 च्या करारांनी त्यांची जमीन तुकड्या-तुकड्याने गेली. शेवटी लूपच्या काठी एक राखीव पट्टा उरला होता. देवी आणि इतर साथींनी, उपासमारीने, गोऱ्यांच्या घुसखोरीने आणि लकोटांच्या हल्ल्यांनी ते इतके खचले, की 1873 ते 1875 या काळात त्यांना तोही सोडून दक्षिणेला इंडियन टेरिटरीत जावं लागलं. तुम्ही इथे पाय ठेवला तेव्हा त्याला दहा वर्षंही झालेली नव्हती.

ते टोक तुम्ही खिडकीच्या खाचेत ठेवता. भिंतीची जाडी एवढी आहे, की खिडकीत मांडणी होते. पुढची पाच वर्षं तुम्हाला सिद्ध करायचंय की तुम्ही इथे राहिलात, इथे पेरलंत, इथे घर बांधलंत. पॉनींनी हे सगळं पिढ्यानपिढ्या केलं होतं आणि ते पाहिलेले गोरे साक्षीदारही कमी नव्हते: व्यापारी, मिशनरी, लष्करी अधिकारी, खुद्द मोजणीदार. त्या साक्षी सरकारी दप्तरांत पडून आहेत. मालकी ठरवताना त्या कुणी वाचल्या नाहीत. 1875 साली इंडियनांनाही होमस्टेड देऊ असा कायदा झाला, पण त्यासाठी आपल्या जमातीशी असलेलं नातं तोडायची अट होती. 1862 चा कायदा एका एकट्या मुलीला जमीन देणारा होता, आणि त्याने वाटलेली जमीन अशी मोकळी करून घेतलेली होती. दोन्ही गोष्टी याच मातीत आहेत, आणि मला त्या वेगळ्या करून सांगता येत नाहीत.

तुमच्या आधी इथे गुरांचे मालक होते. त्यांना उघडा माळ हवा होता, शेतकरी नको होते. 1878 च्या डिसेंबरात याच काउंटीत प्रिंट ऑलिव्ह नावाच्या धनाढ्य गुरेमालकाच्या माणसांनी ल्यूथर मिचेल आणि ॲमी केचम या दोन होमस्टेडवाल्यांना फासावर लटकवलं. ऑलिव्हला जन्मठेप झाली आणि दुसऱ्याच वर्षी तो सुटलाही. म्हातारा ही गोष्ट तुम्हाला भरदिवसाही हळू आवाजात सांगतो.

1884 पासून दर हिवाळ्यात तुम्ही शाळेत शिकवायला जाता. नाहीतर रोख पैसा कुठून येणार? शाळा आठ मैलांवर. आठवडाभर तिकडे राहायचं, शनिवारी घरी. चूल, बिछाना, कपडे सगळं तुमच्या मातीच्या घरात. कोंबड्यांना विधवा दाणे टाकते. बाकी काळजी नाही, पण कायद्यात ‘सलग निवास’ असे शब्द आहेत आणि ते तुमच्या झोपेत येतात. याच काउंटीत ख्रिसमन आडनावाच्या चार बहिणींनी यावर आपला मार्ग काढला आहे. त्या आळीपाळीने एकमेकींच्या क्वार्टरवर जाऊन राहतात, म्हणजे निवासही पुरा होतो आणि रात्री एकटीला काढायला लागत नाही. सर्वात धाकटीचं वय भरेपर्यंत मात्र मोकळी जमीनच उरली नाही.

त्या बहिणींचा फोटो काढणारा सॉलोमन बुचर 1886 च्या सुमाराला गाडीत कॅमेरा घालून काउंटीभर हिंडतो आहे. त्याने स्वतः इथे जमीन घेतली होती, पण एकाकीपणाला कंटाळून दोन आठवड्यांत सोडून दिली. कदाचित म्हणूनच टिकून राहिलेल्यांकडे तो इतक्या आदराने बघतो. तो येणार म्हटल्यावर लोक घरातलं चांगलं ते बाहेर काढतात. शिवणयंत्र, पिंजऱ्यातला पक्षी, कापलेलं कलिंगड. एका कुटुंबाने तर मातीचं घर नातेवाइकांना दिसू नये म्हणून बाजाची पेटी अंगणात ओढून आणली आणि तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढला. तुम्ही घोड्याचा लगाम धरून दारात उभ्या राहता. मागे खिडकीत गारगोटीचं टोक आहे, पण फोटोत ते दिसणार नाही.

मग 12 जानेवारी 1888 येतो. सकाळ इतकी उबदार, की मुलं कोट न घालता शाळेत आली. दुपारच्या आसपास वायव्येकडून एक करडी भिंत सरकत आली आणि काही मिनिटांत समोरच्या बाकावरचं मूल दिसेना. पिठासारखा बारीक बर्फ, आणि पारा कोसळलेला. तुम्ही मुलांना सोडलं नाहीत. रात्रभर आधी कोळसा, मग लाकडी पेट्या, मग बाकं जाळलीत, मुलांकडून पाढे म्हणून घेतलेत. शेजारच्या व्हॅली काउंटीत मिनी फ्रीमन या तरुण शिक्षिकेच्या शाळेचं छप्पर उडालं. तिने मुलांना एकत्र ठेवत जवळच्या घरापर्यंत पोचवलं आणि महिन्याभरात देशभर तिचं नाव झालं. त्या वादळात दोनशेहून जास्त माणसं गेली. त्यांत शाळेतून घरी निघालेली मुलं फार होती.

त्या वसंतात पाच वर्षं भरतात.

आधी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. 1879 पासून कायदाच तसा आहे: जमिनीला सर्वांत जवळच्या वर्तमानपत्रात महिनाभर, दर आठवड्याला. अमुक नावाची व्यक्ती अमुक क्वार्टरवरचा आपला दावा अमुक तारखेला ब्रोकन बो इथे काउंटी न्यायाधीशांसमोर सिद्ध करणार आहे, निवास आणि लागवडीबद्दल साक्षीदार म्हणून पुढील चार जणांची नावं देत आहे. कुणाची हरकत असेल तर त्याने त्या दिवशी हजर राहावं. आपल्याकडची जमीन-व्यवहाराची जाहीर नोटीस ज्याने वाचली आहे, त्याला हा मजकूर ओळखीचा वाटेल. छपाईचे पैसे तुमचे. गेली दोन वर्षं आगगाडी ब्रोकन बोपर्यंत येते आणि गावातल्या वर्तमानपत्रांचं बरंचसं पोट या नोटिशींवर चालतं.

चारांपैकी दोघांची साक्ष पुरते. म्हातारा आणि ती विधवा. त्या सकाळी तिघं एकाच गाडीतून निघता.

खोलीत टेबल आहे, न्यायाधीश आहेत, लेखनिक आहे आणि छापील प्रश्न आहेत. तुमचं नाव, वय, टपालाचा पत्ता? अर्ज केलेली व्यक्ती तुम्हीच का? घर कधी बांधलं, राहायला कधी आलात? घराचं वर्णन करा, किंमत सांगा. मातीचं घर, 14 गुणिले 18 फूट, एक दार, दोन खिडक्या. कोंबड्यांचं खुराडं, गुरांचा मातीचा गोठा, 190 फूट खोल विहीर. कुटुंबात कोण? मी एकटी. जमीन कशा प्रकारची? माळरान, शेतीजोगी. कोळसा, मीठ, खनिज यांची काही चिन्हं? नाही. किती एकर लागवडीखाली, किती हंगाम? तुम्ही वही उघडता. 31 एकर, पाच हंगाम. आपल्याकडची पीकपाहणी जे वर्षावर्षाने लिहिते, ते इथे पाच वर्षांचं एका बैठकीत लिहिलं जातंय. कुठला भाग विकला किंवा गहाण टाकला आहे का? नाही. आणि मग तो प्रश्न: जमिनीवरून तुम्ही कोणत्या काळात गैरहजर होता, आणि कशासाठी?

तुम्ही सगळं सांगता. एकही हिवाळा लपवत नाही. लेखनिकाची लेखणी चालत राहते. लिहिलेल्या दर शंभर शब्दांना 15 सेंट तुम्हालाच द्यायचे आहेत, पण आत्ता तो हिशेब तुमच्या डोक्यात नाही.

आता तुम्हाला बाहेर बसायला सांगतात. साक्षीदारांना एकेकट्याला हेच प्रश्न विचारले जातील आणि उत्तरं तुमच्याशी ताडून पाहिली जातील.

या साक्षींबद्दल खूप वाईट लिहिलं गेलंय. 12 गुणिले 14 चं घर आहे अशी शपथ घ्यायची आणि फूट की इंच हे सांगायचं नाही. चाकांवरचं एकच घर या दाव्यावरून त्या दाव्यावर ओढत न्यायचं. गुरांच्या कंपन्यांनी आपल्या गुराख्यांच्या नावाने ओढ्याकाठचे सगळे क्वार्टर बळकवायचे. हे घडलं, यात शंका नाही. पण रिचर्ड एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 च्या पुस्तकासाठी नेमक्या याच कस्टर काउंटीतली आणि डॉझ काउंटीतली सिद्धतेची कागदपत्रं एकेक करून तपासली, तेव्हा लबाडी जुन्या पाठ्यपुस्तकांत सांगतात त्याहून बरीच कमी निघाली. दाव्यांची नावं आणि साक्षीदारांची नावं जोडत गेल्यावर त्यांना शेजाऱ्यांची दाट जाळी दिसली. मला हे पटतं. ज्याने चाकाला चिंधी बांधून तुमचा कोपरा शोधून दिला, त्याला खोटं बोलायची गरज नव्हती. आणि जो माणूस खरोखर राहत नव्हता, त्याची जागा घ्यायला टपून बसलेलेही त्याच नोटिशी वाचत होते. कचेरी ग्रँड आयलंडला, सरकार वॉशिंग्टनला. तुमचा धूर सकाळी निघतो की नाही हे पाहणारे दोघंच होते.

आत म्हातारा सांगतो आहे की तो आठवड्यातून दोनदा तरी तुमच्या घरावरून जातो. विधवा सांगते आहे की तुम्ही शाळेत असताना तुमचा बिछाना, चूल आणि कोंबड्या कुठे होत्या, आणि शनिवारी दिवा कितीला लागायचा. शेवटी दोघांनाही एकच प्रश्न: या दाव्यात तुमचा स्वतःचा काही हितसंबंध आहे का, आणि या व्यक्तीने सगळं पूर्ण सचोटीने केलं असं तुम्हाला वाटतं का?

हितसंबंध नाही. सचोटी, होय.

तुम्ही चार डॉलर भरता. पोटापाण्यासाठी तात्पुरतं लांब राहिल्याने निवास मोडत नाही, घर तिथेच असलं म्हणजे झालं, असं जमीन खात्याने अनेक निकालांत मानलं आहे. तुमचंही मान्य होतं. पुढे ग्रँड आयलंडहून अंतिम प्रमाणपत्र येईल, आणि खूप महिन्यांनी वॉशिंग्टनहून सनद, अध्यक्षांच्या नावाने त्यांच्या सचिवाने सही केलेली. कचेरीच्या पायऱ्या उतरताच एक दलाल टोपी काढून पुढे येतो. पूर्वेकडच्या कंपनीचं कर्ज, व्याज शेकडा दहाच्या आसपास, तारण ही जमीन. आजपासून ती गहाण टाकता येते, म्हणूनच तो इथे उभा आहे. तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. तुम्हाला 1890 चा आणि 1894 चा दुष्काळ ठाऊक आहे, नांगरापाठोपाठ पाऊस येतो या सिद्धान्ताचं काय झालं तेही ठाऊक आहे, आणि 1894 च्या उन्हाळ्यात या माळावरून पूर्वेकडे परत जाणाऱ्या गाड्यांबद्दलही तुम्ही वाचलं आहे. तुम्ही नको म्हणता. तुमच्यामागून आलेला माणूस हो म्हणतो, कारण त्याला बी आणि घोडा घ्यायचा आहे.

असे करत करत शेवटी 16 लाखांच्या आसपास सनदा निघाल्या, सुमारे 27 कोटी एकर, देशाच्या भूमीचा दहावा हिस्सा. कायदा 1976 मध्ये रद्द झाला, अलास्कात आणखी दहा वर्षं टिकला. शेवटची सनद 1988 मध्ये स्टोनी नदीकाठच्या केनेथ डिअरडॉर्फला मिळाली.

पण तुम्ही अजून 1888 मध्ये आहात, आणि ऑक्टोबरात विधवेची तारीख लागली आहे. अर्ज तिच्या नवऱ्याचा होता. तो विहीर खणताना गेला. कायद्याप्रमाणे पुढची वर्षं तिने पुरी केली तर सनद तिच्या नावाने निघेल. या वेळी टेबलासमोर तुम्ही बसला आहात. तिच्या घराला खिडक्या किती? तीन. गहू किती एकर? यंदा बावीस. ती कधी गैरहजर होती का? एका हिवाळ्यात मुलांना घेऊन दोन महिने भावाकडे होती, तुम्ही सांगता. तिची गाय तेव्हा तुमच्या गोठ्यात होती आणि तिच्या घराचं छप्पर फेब्रुवारीत तुम्ही आणि म्हाताऱ्याने मिळून नीट केलंत. लेखनिक विचारतो, हे सगळं लिहू का, शब्द वाढतात. वाढू द्या, तुम्ही म्हणता, सगळं लिहा.